पुलाखालचा डबा आम्ही काढला नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर एक बुटका पूल आहे. त्याच्या खालच्या बाजूला मी एक पांढरा डबा बसवला आहे. तो काढून टाका, असं मला आतापर्यंत तीनदा सांगून झालंय, दोनदा कागदावर आणि एकदा तोंडी. डबा अजून तिथेच आहे. हे मी फुशारकीने लिहीत नाही. मोठ्या माणसांसमोर मला नीट बोलता येत नाही, वाक्य अर्ध्यात राहतं. म्हणूनच हे सगळं एकदा सरळ लिहून ठेवावं असं वाटलं.

गल्ली पुलापासून सुरू होते आणि नाल्याच्या काठाकाठाने खाली उतरत जाते. वर पुलाजवळ विहार आहे, पक्कं, गच्चीचं. सगळ्यात खाली मावशीचं घर. ती माझी सख्खी मावशी नाही, गल्लीत सगळेच तिला मावशी म्हणतात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा एक पाय लुळा आहे. कुबड्या घेऊन ती घरातल्या घरात फिरते, पण गल्लीचा चढ तिला चढवत नाही. ती ब्लाउज शिवते. माझ्या कॉलेजच्या पहिल्या ड्रेसला तिनेच टीप मारून दिली होती आणि वरून म्हणाली होती, "बारीक होशील तं परत आण, अभ्यासानं पोट्ट्या वाळतात."

मी बारावीत होते तेव्हा एका दुपारी नाल्याचं पाणी कोणाला काही कळायच्या आत तिच्या घरात शिरलं. दोन तास ती शिलाई मशीनच्या टेबलावर बसून होती, खिडकीचा गज धरून. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही तिथे पोचलो तेव्हा तिची बोटं गजावरून सुटत नव्हती. माझ्या आईने एकेक बोट सोडवलं.

मला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं. बाबा वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात माल चढवतात, आई एका मेसमध्ये पोळ्या करते. दोघांनाही मी नेमकं काय शिकते ते विचारायचा संकोच वाटायचा. मावशीला कसलाच संकोच नव्हता. ती म्हणाली, "तुमच्या त्या कॉलेजात असं काही शिकवतात काय वं, का पाणी येऊन राह्यलं हे आधीच समजंन?"

मी म्हटलं, "माहीत नाही मावशी."

"मंग विचार ना त्याइले. फी कायची घेतात?"

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टचा विषय निवडायचा होता, तेव्हा मी तोच निवडला. डब्यात एक सेन्सर आहे. तो खाली पाण्याकडे आवाज सोडतो. हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तो परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी पुलापासून किती खाली आहे ते कळतं. बॅटरी, छोटं सोलर पॅनेल आणि एक सिमकार्ड. दर मिनिटाला आकडा माझ्या लॅपटॉपवर येतो. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर आलं की विहाराच्या भिंतीवर लावलेला हूटर वाजतो. विहाराची चावी सांभाळणारे एक काका आहेत, निवृत्त पोस्टमन. त्यांनी हूटरसाठी स्वतः भिंतीला भोक पाडून दिलं आणि नंतर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

खूण कुठे ठेवायची हे आम्ही मावशीवरून ठरवलं. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघींनी उचलायचं आणि विहाराच्या गच्चीवर न्यायचं. मोबाइलवर वेळ लावून पाहिलं. माणसं जमण्यापासून गच्चीवर टेकवेपर्यंत अकरा मिनिटं लागली. म्हणजे डब्याने अकरा मिनिटं आधी सांगायला हवं. मला प्रोजेक्टमध्ये दुसरं काही सिद्ध करायचं नव्हतं.

जुलै सरळ गेला. ऑगस्टही गेला. मग पोळा आला.

आमचं गाव कळमेश्वरच्या पुढे आहे. तिकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेढे गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे आणि ओरडायचं, रोगराई घेऊन जा गे मारबत. मारबत म्हणजे गावाची इडापिडा सोबत नेणारी. शहरात आल्यावर शीव कुठे शोधणार? आमच्या गल्लीतल्या गाववाल्यांनी नाल्यालाच शीव ठरवलं होतं. दरवर्षी घराघरातले मेढे पुलावरून नाल्यात जायचे. त्या वर्षी बाबांनी गावाहून चांगला मोठा भारा आणला होता. सकाळी त्यांना गोदामात लवकर जायचं होतं, म्हणून तो मी नेला. पुलावर उभी राहिले, मनापासून ओरडले, आणि भारा खाली फेकला. घरी येऊन चहा ठेवला.

हूटर वाजला.

आभाळात ढगही नव्हता. तरी माणसं धावली, कारण धावायचं असं आम्हीच सगळ्यांना सांगितलं होतं. टीव्ही, मिक्सर, शाळेची दप्तरं, मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी सजवलेले लाकडी नंदीबैल, सगळं विहाराच्या गच्चीवर चढलं. मावशीची अर्धी वेणी व्हायची होती, तिला तशीच खुर्चीत बसवून दोघी जणी घेऊन आल्या. कंगवा केसातच होता. मी धापा टाकत पुलावर पोचले. खाली पाणी घोट्याएवढं.

काका वाकून पुलाखाली बघत होते. "ये, पाह्य. आला पूर. पळसाचा!"

पुलाला लागून एक जुना पाइप जातो. माझा भारा त्याच्यावर अडकून डब्याच्या बरोबर खाली उभा राहिला होता. सेन्सरचा आवाज पानांवरून परत येत होता. डब्याच्या हिशेबाने नाला काठोकाठ भरला होता.

तो भारा माझाच, हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. पुढचे काही दिवस मला गल्लीतून मान वर करून जाता आलं नाही. नळावर एक काकू रोज विचारायच्या, "काहून वं इंजिनेर, आज किती वाजता हाये पूर? कपडे धुऊन घेऊ का थांबू?" दुसरी म्हणायची, "थांब ना बाई, नाल्यातच धुवू, पाणी दारापर्यंत येते म्हणते हे पोट्टी." त्या हसायच्या, त्यात खोट नव्हती. पण मला ते हसणं रात्री अंथरुणातही ऐकू यायचं.

मावशीला मात्र मी खरं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "बरं झालं. त्या निमित्तानं वरून गल्ली पाह्यली मी. आपली टीनं लय गंजली गा बापा."

कॉलेजात मी आमच्या सरांना विचारलं. सर चांगले आहेत, माझी फी उशिरा आली तेव्हा त्यांनी ऑफिसात शब्द टाकला होता. ते म्हणाले, "यात काय, फिल्टर टाक. नवा आकडा मागच्या आकड्यापेक्षा एकदम फार वेगळा आला तर तो चुकीचा समजायचा आणि सोडून द्यायचा. कचरा, फांदी, पक्षी, सगळं गाळून जाईल. प्रोजेक्ट तपासणाऱ्या समितीपुढे ग्राफ पण सुंदर दिसेल."

मी त्याच संध्याकाळी फिल्टर टाकला. डब्याखाली हात धरून पाहिला, हूटर वाजला नाही. छत्री धरली, तरी वाजला नाही. मला किती बरं वाटलं ते मी लिहून ठेवते, कारण पुढचं त्यावरच आहे. मला बरं वाटलं ते मावशीसाठी नाही. आता नळावर कोणी हसणार नाही, म्हणून बरं वाटलं.

गणपती बसले होते. एका दुपारी मी लॅबमध्ये होते. बाहेर ऊन होतं. शहराच्या पलीकडच्या बाजूला, जिथून आमचा नाला येतो तिकडे, जोरात पाऊस पडून गेला होता. आम्हाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. लॅपटॉपवर माझे दोन ग्राफ असतात. एक सेन्सरचा कच्चा, एक फिल्टरमधून आलेला स्वच्छ. मी सहज पाहिलं. स्वच्छ ग्राफ आडवा, शांत. कच्च्या ग्राफने उडी मारली होती.

मला पहिल्यांदा वाटलं, मखराचा थर्माकोल अडकला असेल. पुन्हा फांदी, पुन्हा हसणं. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. दुसऱ्या मिनिटाचा आकडा आला, आणखी वर. तिसऱ्याचा, आणखी वर. फांदी अडकली तर आकडा एकदाच उडी मारतो आणि तिथेच बसतो. फांदी काही दर मिनिटाला चढत नाही. पाणी चढतं.

आणि हूटर वाजणार नव्हता. पाणी एकदम चढलं होतं, म्हणून फिल्टरने पहिला आकडा चूक ठरवून टाकला. पुढचा प्रत्येक आकडा तो त्याच जुन्या आकड्याशी ताडून बघत होता आणि प्रत्येकाला चूक म्हणत होता. असा पूर एकदमच येतो, म्हणून तर त्याची भीती. आणि एकदम येणारं काहीही मानायचं नाही, असं मीच त्याला शिकवलं होतं.

मी काकांना फोन लावला.

"काका, माइक लावा! पाणी येऊन राह्यलं."

"मशीन तं वाजली नाही."

"नाही वाजणार. माइक लावा."

"म्हंजे मागच्या टायमाले वाजली तं पाणी नव्हतं, आन् आता नाही वाजली तं पाणी हाये?"

"हव काका."

"ऊन पडून हाये ना बापा इकडं."

"काका, मशीनचं सोडा. मी सांगून राह्यली. मावशीला काढा."

मग त्यांच्या किल्ल्यांचा आवाज आला, मग माइकची खरखर. फोन चालूच होता, म्हणून मला ते फोनमधूनच ऐकू आलं. "खालच्या गल्लीतले सारे वर या. मावशीले घेऊन या. हे हूटर नाही, हे मी बोलून राह्यलो. वर या."

मला पोचायला तासाहून जास्त लागला, दोन ठिकाणी रस्ता बंद होता. विहाराच्या पायऱ्यांवर मावशी बसली होती, कमरेपर्यंत ओली. पाणी घरात शिरल्यावर तिला काढलं होतं. उचलणाऱ्या दोघींपैकी एक, नळावर मला इंजिनेर म्हणणाऱ्या काकू, घसरून पडल्या होत्या. त्यांचा गुडघा फुटला होता आणि त्यावर कोणीतरी ओढणी बांधली होती. पडल्या तरी त्यांनी खुर्ची सोडली नव्हती. मावशीची शिलाई मशीन खाली पाण्यात होती, आणि गिऱ्हाइकांची सगळी कापडं.

कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. "वाचवलं वं तुया मशीननं."

त्या क्षणी गप्प राहता आलं असतं. गल्लीत कोणालाच फिल्टर माहीत नव्हता. पण मावशी थरथरत होती आणि तिच्या साडीतून पाणी पायरीवर टपकत होतं. मी म्हटलं, "मशीनने नाही वाचवलं. मशीन गप्प होती. मीच तिला गप्प केली होती." आणि सगळं सांगितलं, फिल्टरचं, लॅबमध्ये वाया घालवलेल्या मिनिटांचं, आणि पळसाचा भारा माझाच होता हेही. सांगताना दोनदा वाक्य अर्ध्यात तुटलं.

काकूंनी गुडघा धरून विचारलं, "आमी हसलो म्हणून?"

मी मान डोलावली.

"भैताड आहेस काय वं? आमी तं मावशीच्या कंगव्यालेबी हसलो."

मावशी तेवढ्यात बोलली. तिचे दात वाजत होते, पण आवाज मोठा होता. "उचलून कोणाले नेते? मले. वेणी अर्धी कोणाची राह्यली? माही. मी नाही लाजली, तं तू काहून लाजतेस? वाजू दे ना उगाच. दहा डाव वाजू दे. दहा डाव ने मले वर, अकराव्या डावबी मी बसीन खुर्चीत. पण गप्प नको ठेवू त्याले."

त्यावर पायऱ्यांवरच बोलणी झाली. हूटर उगाच वाजला तर कोणी तक्रार करायची नाही, पण पुलावरून नाल्यात काही टाकायचंही नाही. मेढे यापुढे विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत टाकायचे. काका म्हणाले, "टाका, मी झाडून घेईन." फिल्टर मी त्याच दिवशी काढला, पायरीवर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, स्वच्छ ग्राफ पुरे, चुकीचं प्रकरण कशाला घालतेस, मार्क जातील. त्यांना माझं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. मी दोन्ही ग्राफ घातले आणि खाली लिहिलं की या प्रकारच्या नाल्यावर असा फिल्टर वापरू नये, आणि त्याचं कारण. समितीतल्या एकांनी विचारलं, "म्हणजे तुमचं यंत्र खोटा इशारा देणार हे तुम्ही मान्य करता?" मी म्हटलं, "हो सर. ज्यांना उचलून न्यायचं आहे त्यांना ते मान्य आहे." मार्क गेलेच थोडे.

मग महापालिकेचा कागद आला. शहरात पुरावर लक्ष ठेवायला एक नवीन यंत्रणा सुरू झाली आहे, मोठ्या पुलांवर तिचे सेन्सर आहेत. कोणाच्याही खासगी डब्यामुळे लोकांमध्ये घबराट पसरू नये, तरी सदर डबा काढून घ्यावा, असं त्यात होतं. ऑफिसात एका साहेबांना भेटायला सांगितलं होतं. मी एकटीच जाणार होते, पण मावशी म्हणाली, "मीबी येते." रिक्षातून तिला नेलं, काका सोबत आले.

साहेबांनी आदराने मावशीला खुर्ची दिली. भिंतीवर मोठा स्क्रीन होता, त्यावर शहराचा नकाशा, निळ्या रेषा, हिरवे ठिपके. खरं सांगते, मला तो फार आवडला. मी शिकतेय तेच तिथे मोठं होऊन चाललं होतं. मी आमचा पूल शोधला. रेषा होती, ठिपका नव्हता.

मी विचारलं, "सर, पाणी वाढलं की तुमचा मेसेज कोणाला जातो?"

"नोंद असलेल्या सर्व घरमालकांच्या मोबाइलवर. एकाच वेळी."

"आमच्या गल्लीत कोणाला जातो?"

त्यांनी गल्लीचं नाव टाकून पाहिलं. आमच्या गल्लीतल्या घरांची नोंद कुठेच नाही, मालकीचे कागद नाहीत. यादी रिकामी निघाली. ते म्हणाले, "ते प्रोसेसमध्ये आहे. टप्प्याटप्प्याने होईल."

काका म्हणाले, "पाण्याले सांगता काय तेवढं, टप्प्याटप्प्यानं ये म्हणून?"

साहेब हसले नाहीत. "हे बघा, उद्या तुमचा डबा खोटा वाजला, धावपळीत कोणी पडलं, तर जबाबदारी कोणाची?"

मी मावशीकडे पाहिलं. ती नेहमी माझ्यासाठी बोलते. त्या दिवशी ती बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग मी बोलले, हळूच, कागदाकडे बघत.

"सर, डबा मी लावला. तो मी काढणार नाही. खाली माझं नाव आणि नंबर लिहून देते, जबाबदारी माझी. तुम्ही या मावशींचा नंबर तुमच्या यादीत टाका. एकदा पाणी वाढू द्या, आणि तुमचा मेसेज त्यांना अकरा मिनिटं आधी येऊ द्या. एकदाच. मग मी स्वतः शिडी आणून डबा काढीन."

त्यांनी नंबर लिहून घेतला. यादीत टाकला की नाही ते मला माहीत नाही. मावशीच्या मोबाइलवर अजून काही आलेलं नाही. दुसरा कागद आला, त्याला मी हेच उत्तर लिहून पाठवलं आणि त्याची पोच घेतली. डबा काढायला कोणी आलं नाही. आलं तर पुलावर कोण बसेल हेही गल्लीत ठरलेलं आहे, ते मी इथे लिहीत नाही.

दिवाळीच्या आधी, परतीच्या पावसात, एका संध्याकाळी हूटर वाजला. आम्ही धावलो. काकूंचा गुडघा पुरता बरा झाला नव्हता, म्हणून खुर्चीची दुसरी बाजू मी धरली. मावशी जड आहे, चढावर माझे हात सुटायला आले होते. गच्चीवर टेकवलं, काकांनी घड्याळ पाहिलं. अकराच्या आत पोचलो होतो. सगळे कठड्यावरून खाली पाहू लागले. पाणी वाढलं, पुलाच्या पाइपापर्यंत आलं, तिथे थोडा वेळ थांबलं, आणि उतरायला लागलं. कोणाच्या दारात आलं नाही.

मी मावशीला म्हटलं, "उगाच आणलं तुला."

ती खाली तिच्या कोरड्या दाराकडे बघत होती. म्हणाली, "कपाळ तुयं. चाल, ने आता खाली. आन् परत वाजली तं परत आण."